वीस नॉटचा शुक्रवार

“शुक्रवारी रात्री नऊला गेटवेसमोरून सुटायचं, शनिवारी सकाळी आठला पणजीत पोहे.”

अण्णांचा हा बेत पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी हसलो नाही, कारण भागाकार बरोबर होता. मुंबई ते पणजी समुद्रमार्गे साधारण २२० सागरी मैल. बोट वीस नॉटनी, म्हणजे तासाला ३७ किलोमीटरनी चालली तर अकरा तास. आणि वीस नॉट हा आकडा अण्णांच्या हातातल्या जाडजूड माहितीपत्रकात सोनेरी अक्षरांत छापलेला होता.

अण्णांचा ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये व्हॉल्व्हचा कारखाना. वय बासष्ट, घोडबंदर रोडला सत्ताविसाव्या मजल्यावर घर, खिडकीतून खाडी दिसते. युरोपातल्या एका यार्डात बांधायला घेतलेल्या २४ मीटरच्या आलिशान कॅटामरानमध्ये (दोन हल, म्हणजे पाण्यात बुडणारी दोन लांबट धडं, शेजारी जोडलेली शिडाची बोट) एक तृतीयांश हिस्सा घ्यायचं त्यांच्या मनात होतं. बोट काही महिने थायलंडकडे भाड्यानं चालणार, हिवाळ्यात मुंबईला येणार. यार्डाचं आणि दलालाचं नाव इथे येणार नाही, आणि ओळख पटू नये म्हणून बोटीचे आकडेही थोडे गोल केलेत.

मला शोधून काढलं त्यांच्या लेकीनं. ती सीए आहे. मी बसतो सीबीडी बेलापूरला आणि पोट भरतो ड्राफ्ट सर्व्हेवर. न्हावा-शेव्याला नाहीतर मुंबई बंदरात जहाजाच्या कडेनं होडीतून फिरायचं, नाळेपासून मागच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंचे ड्राफ्ट मार्क, म्हणजे जहाज किती खोल बुडालंय ते सांगणारे आकडे, वाचायचे, बाटलीत पाणी घेऊन त्याची घनता मोजायची आणि जहाज किती बुडालंय त्यावरून पोटात किती टन माल आहे ते सांगायचं. मी तिला म्हटलं, “ताई, शिडाच्या यॉटशी माझा संबंध लांबून बघण्यापुरता.” ती म्हणाली, “म्हणूनच आले. बाकी ज्यांना ज्यांना विचारलं, त्या सगळ्यांना बोट विकली गेली तर कमिशन आहे.”

फाइलमध्ये वेगाबद्दलचे दावे चार होते. वेग वीस नॉट. दिवसाला ३०० मैल. “वाऱ्याहून वेगवान”. आणि ब्रूस नंबर, म्हणजे वजनाच्या मानानं शीड किती याचं माप, १.६७. सोबत एक व्हिडिओ, ज्यात याच मॉडेलच्या दुसऱ्या बोटीच्या पडद्यावर २३.४ हा आकडा झळकतो आणि मागून कुणीतरी शिट्टी मारतं.

व्हिडिओचा निकाल दोन मिनिटांत लागला. मागून मोठी लाट येते, बोट तिच्या उतारावरून घसरते, जीपीएस त्या एका क्षणाचा वेग दाखवतं. सायकल पारसिकच्या उतारावरून सोडली तरी आकडा चांगलाच येतो. शिवाय जीपीएस सांगतं तो जमिनीच्या तुलनेतला वेग, पाण्याच्या तुलनेतला नाही. आपल्या खाडीत उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. ओहोटीबरोबर निघालेला मचवा आणि तोच मचवा भरतीच्या तोंडाशी, यांच्या वेगात किती फरक पडतो ते बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातल्या कोणत्याही पोराला विचारा.

सरासरी कशी मोजली हाही प्रश्न असतोच. २०१७ ला फ्रान्सिस जॉयोन आणि त्याच्या पाच साथीदारांनी आयडेक स्पोर्ट या ट्रायमरानमधून, म्हणजे तीन हलांच्या बोटीतून, ४० दिवस २३ तासांत न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या एकाच सफरीच्या दोन सरासऱ्या सांगितल्या जातात. आखलेल्या २२,४६१ मैलांवर काढली तर २२.८४ नॉट, प्रत्यक्ष कापलेल्या २६,४१२ मैलांवर काढली तर २६.८५. दोन्ही खऱ्या. पण शिडाची बोट वारा शोधत वाकडी जाते, आणि पणजीला पोहोचायचंय त्यानं पहिली बघावी. याच्या शेजारी आपली ‘म्हादेई’ ठेवून बघा. गोव्यात बांधलेली, ५६ फुटी, एका हलची. अभिलाष टॉमी तिच्यातून नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात एकटा, कुठेही न थांबता जग फिरून मुंबईला आला. प्रदक्षिणेला किमान २१,६०० मैल धरले आणि दीडशे दिवसांनी भागले तर सहा नॉट येतात. त्या सहा नॉटचं देशानं कौतुक केलं आणि ते योग्यच होतं.

“वाऱ्याहून वेगवान” हे अशक्य मुळीच नाही. बोट पुढे सरकली की तिच्यावर आदळणारा वारा हा खरा वारा अधिक तिचा स्वतःचा वारा असतो. बोट हलकी आणि निसरडी असेल तर या वाढीव वाऱ्यावर ती आणखी पळते. २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या अमेरिका कप या शर्यतीत कॅटामरान फॉइलवर, म्हणजे पाण्याखालच्या पंखांवर, उचलल्या जाऊन ४० नॉटच्या पुढे गेल्या होत्या. त्यांच्या हलची लांबी २२ मीटर, म्हणजे जवळपास अण्णांच्या बोटीइतकीच. वजन मात्र सहा टनांच्या आत. आणि त्यांच्यावर स्वयंपाकघर नव्हतं.

इथून पुढे मी माझ्या नेहमीच्या रस्त्याला लागलो. तो रस्ता वजनाचा.

ब्रूस नंबर काढायचा तर शिडाच्या चौरस फुटांचं वर्गमूळ घ्यायचं आणि त्याला पौंडातल्या वजनाच्या घनमुळानं भागायचं. एडमंड ब्रूसनं सुचवलेली ही पद्धत मल्टिहलवाले, म्हणजे दोन-तीन हलांच्या बोटींवाले, सर्रास वापरतात. साधारण एकच्या आसपास आरामाची बोट, १.३ च्या पुढे खरी चपळ. माहितीपत्रकातलं १.६७ कसं आलं ते बघायला आकडे उलटे चालवले. वजन धरलं होतं ३८ टन. शीड धरलं होतं ४९५ चौरस मीटर, म्हणजे मोठ्या शिडासोबत मागच्या वाऱ्यात लावायचा फुगाही धरून. रोज लावायची दोनच शिडं धरली तर २८० चौरस मीटर होतात आणि आकडा १.२५ वर येतो. एवढा फरक फक्त कुठलं शीड मोजलं यातला. वजनाला अजून हातही लावला नव्हता.

ते ३८ टन म्हणजे काय? पान ४१ वर तळटीप होती, मुंगीएवढ्या अक्षरांत: कामगिरीचे सर्व आकडे हलक्या वजनावर, गणिती पद्धतीनं. हलकं वजन म्हणजे टाक्या कोरड्या, माणूस नाही, सामान नाही, मालकानं वरून मागितलेलं काहीच नाही. गणिती म्हणजे संगणकात, सपाट पाण्यावर, नव्या शिडांनी, शेवाळ नसलेल्या तळानं.

मग मी वही घेऊन अण्णांची ऑर्डर ओळीनं वाचली. डिझेल अडीच टन. गोडं पाणी १.६. सांडपाण्याची टाकी अर्धी धरली तरी ०.३. मागे टांगलेली छोटी बोट, जेट-स्की आणि ती उचलणारी क्रेन मिळून १.६. जादा बॅटऱ्या, दुसरा जनरेटर आणि वाढवलेला एसी २.५. स्वयंपाकघराला दगडी ओटा, डेकला सागवान, वरच्या मजल्यावर गरम पाण्याचा टब, जड फर्निचर, सगळं मिळून २.९. आठ पाहुणे आणि चार खलाशी सामानासकट १.२. नांगराची साखळी, सुटे भाग, शिधा, डायव्हिंगचं सामान ०.७. टबातलं पाणी ०.७. बेरीज बरोबर १४ टन. म्हणजे बोट ३८ ची नाही, ५२ ची. ब्रूस नंबर १.१३.

या १४ टनांचं पाण्यात काय होतं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते डोळ्यांनी दिसतं. एका हलच्या बोटीला लांबीनं बांधलेला एक वेग असतो. पाणरेषेच्या फुटांचं वर्गमूळ गुणिले १.३४ केलं की तो येतो, आणि या लांबीला साडेअकरा नॉटच्या आसपास भरतो. कॅटामरान तो ओलांडते ती तिचे हल सुरीसारखे बारीक असतात म्हणून. पाणरेषेवर २३ मीटर लांब आणि दोन मीटर रुंद. पण हल वर जाताना पसरट होतो. पाणरेषेवर दोन्ही हलांनी व्यापलेली जागा सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे बोट एक सेंटिमीटर खाली बसायला सातशे किलो पुरेत. चौदा टनांना वीस सेंटिमीटर. सुरीची पळी होते. त्याहून वाईट म्हणजे दोन हलांना जोडणारा मधला तळ पाण्यापासून १०५ सेंटिमीटर वर होता, तो ८५ वर येतो. समोरून लाट आली की ती या तळावर खालून थाप मारते. भांडी हलतात, माणसं दचकतात आणि कप्तान आपणहून वेग कमी करतो. ही गोष्ट कुठल्याही पोलरमध्ये नसते.

पोलर म्हणजे कुठल्या वाऱ्यात, कुठल्या कोनात बोट किती धावेल याचा आलेख. यार्डानं दिलेल्या पोलरमध्ये वीस नॉट होते, नाही असं नाही. एकाच कोपऱ्यात होते: खरा वारा २८ नॉट, बाजूहून जरा मागून, पूर्ण शीड. लेकीनं फाइलीच्या तळातून याच मॉडेलचं मालकाचं मॅन्युअल काढलं. त्यात स्पष्ट सूचना होती की वीस नॉट खऱ्या वाऱ्याला मोठं शीड एक टप्पा उतरवा, २६ ला दुसरा. म्हणजे ज्या वाऱ्यात पूर्ण शिडावर वीस नॉट मिळणार, त्या वाऱ्यात पूर्ण शीड लावूच नका, असं तेच यार्ड दुसऱ्या कागदावर सांगत होतं. आणि ही सूचना पाळायचीच असते. एका हलची बोट वारा वाढला की कलते, कलून सांगते, शिडातला वारा सांडते. जड कॅटामरान कलत नाही. सगळा भार दोरखंडांवर आणि डोलकाठीवर येतो, आणि सांगायची वेळ येते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून तिच्यावर शीड अंगाच्या अंदाजानं नव्हे, वाऱ्याच्या आकड्यावर उतरवतात.

मॅन्युअलमध्येच बिल्डरच्या पाटीचं चित्र होतं. अडीच ते २४ मीटर हल-लांबीच्या बोटींना युरोपचा २०१३ चा निर्देश लागू होतो आणि त्यात ही पाटी सक्तीची आहे. (इतक्या आलिशान कॅटामरान चोविसाच्या जरा आत का थांबतात याचं एक कारण इथे सापडतं. पुढे नियम बदलतात.) पाटीवर भाराची कमाल मर्यादा असते, पण बसवलेल्या टाक्यांतलं पाणी-डिझेल तिच्यात धरत नाहीत. वाचणाऱ्याला वाटतं भार एवढाच. सव्वाचार-साडेचार टन पाटीच्या बाहेरच राहतात.

हे सगळं कागदावरचं. प्रत्यक्ष पाण्यात काय, यासाठी दलालाकडे फक्त फोटो मागितले. चालत्या बोटीचे नकोत, त्या व्हिडिओतल्या बोटीचे धक्क्याला बांधलेले, मागून घेतलेले. त्यानं खुशीनं पाठवले, टब आणि दिवे दाखवणारे. मी त्यात पायऱ्या बघत होतो. मागच्या पायऱ्यांपैकी खालची पायरी नकाशात पाण्याच्या वर २४ सेंटिमीटर होती. फोटोत तिच्या ओठाला हिरवं शेवाळ लागलेलं. पाणरेषेचा निळा पट्टा नवा, चकचकीत, आणि त्याच्या खाली बोटभर जाडीची जुन्या पट्ट्याची फिकट कड. पट्टा वर सरकवून पुन्हा रंगवला होता. अशी कड मी गाळ काढणाऱ्या बार्जवर शंभर वेळा पाहिलीय. बोट कायमची खाली बसली की मालक आधी रंगारी बोलावतो.

लेकीनं तोवर त्याच बोटीच्या अटलांटिक सफरीचा एआयएस माग, म्हणजे बोट रेडिओवरून आपली जागा आणि वेग सांगत जाते त्याची नोंद, विकत घेतला होता. लास पाल्मासहून सेंट लुसिया, २,७०० मैल, ३१८ तास. सरासरी साडेआठ नॉट. चोवीस तासांतली सर्वांत चांगली धाव २३८ मैल. व्यापारी वाऱ्यांचा रस्ता, वारा पाठीशी, प्रवाह अर्धा नॉट सोबतीला, म्हणजे शिडाच्या बोटीला यापेक्षा लाडाचा रस्ता कुठे नाही. पुढे तिनं जे केलं ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. युरोपीय हवामान केंद्राच्या ईआरए५ या संग्रहातून त्या तासांचा, त्या ठिकाणचा वारा काढून तिनं एक्सेलमध्ये शेजारी मांडला. ६१ तास असे निघाले की वारा आठ नॉटच्या खाली आणि बोट मात्र ८.८ ते ९.० वर सुतासारखी सरळ. “हे शीड नाही काका,” ती म्हणाली, “हे रोखीतले व्यवहार आहेत.” इंजिन.

‘सौरऊर्जेवर शांत मुक्काम’ असाही एक दावा होता, तो पटकन उरकतो. छतावर १२ किलोवॉटच्या पट्ट्या, चांगल्या उन्हात दिवसाला पन्नासेक युनिट. आपल्याकडच्या उकाड्यात त्या बोटीचा एसी सरासरी दहा किलोवॉट खाल्ला तर दिवसाला २४० युनिट. दुसरा जनरेटर ऑर्डरमध्ये उगाच नव्हता.

राहिला कोकणचा किनारा. त्यासाठी मी दिवाळे कोळीवाड्यातल्या नाखव्याकडे गेलो. त्याला बोटीचं चित्र दाखवलं तर म्हणाला, “ही तर उलांडीच. दोन बाजूंना दोन होड्या.” मला आवडलं. कॅटामरान हा शब्द तमिळ कट्टुमरमवरून आला, पण ती मुळात बांधलेल्या ओंडक्यांची. तोल सांभाळायला बाजूला दुसरं लाकूड जोडायची कल्पना आपल्याकडे सिंधुदुर्गात रापणीच्या उलांडी होड्यांत जुनीच आहे. वेग सांगितला तेव्हा तो थांबला. “रिकामी बोट कुनाचीबी पलते, साहेब. बर्फ भरा, डिझेल भरा, जालं चरवा, मंग सांगा.” रात्री वीस नॉट म्हटल्यावर तर जाळं शिवायची सुईच खाली ठेवली. “रातचे? मंग आमची जाली कोन भरून देनार?”

माझं अर्धं काम त्यानं करून टाकलं. अण्णा निघणार रात्री नऊला. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्याला दुपारी खारा वारा येतो, वायव्येकडून, चांगला बारा-पंधरा नॉट. तिन्हीसांजेला तो पडतो. रात्री वाहतो तो मतलई वारा, जमिनीवरून, मंद. शाळेत सगळ्यांनी शिकलेलं, पण माहितीपत्रक वाचताना कुणाला आठवत नाही. ५२ टनांची बोट सहा-आठ नॉटच्या मतलईवर चार-पाच नॉट चालेल, तीही वाटेतल्या डोल जाळ्यांचे खुंट आणि दिवा नसलेल्या होड्या चुकवत. नाहीतर इंजिन. रात्रभर इंजिन आणि दुपारी वायव्येचा वारा पाठीशी धरला तरी साडेआठची सरासरी. २२० मैलांना २६ तास, म्हणजे शनिवारी रात्री अकरा. परतीला तोच वारा तोंडावर. २०१८ मध्ये सुरू झालेलं आंग्रिया क्रूझसुद्धा दुपारी निघून दुसऱ्या दिवशी सकाळी गोव्याला लागायचं, आणि ते तर इंजिनावरचं जहाज.

घोडबंदरच्या घरी बैठक झाली. टेबलावर बोटीचं काचेतलं मॉडेल. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं, चहा गार होऊ दिला आणि विचारलं, “म्हणजे फसवतायत?”

मी नाही म्हटलं, आणि आजही तेच म्हणेन. प्रत्येक आकड्याला कुठेतरी आधार होता. वीस नॉट ३८ टनांच्या बोटीचे होते, दगडी ओटा ५२ टनांच्या. एका माहितीपत्रकात दोन बोटी होत्या आणि किंमत एकीची. बाजारात दोन्ही मिळतात. गनबोट या कंपनीसारखे बांधणारे कार्बन वापरून ग्रॅम-ग्रॅम वाचवतात, वेग देतात आणि कपाटांना हात आखडता घेतात. सनरीफ किंवा लगून या कंपन्यांच्या मोठ्या बोटी घेणारा जागा आणि थाट घेतो. चूक दोन्हीत नाही.

“मग वेगाची लेखी हमी मागू,” अण्णा म्हणाले. मी म्हटलं, मागू नका. ते हसत देतील, “अनुकूल परिस्थितीत” असं लिहून, आणि अनुकूल परिस्थिती कोर्टात कोण सिद्ध करणार? वजनाची मागा. पाण्यात उतरवल्या दिवशी, टाक्या कोरड्या, ड्राफ्ट मार्क वाचून आणि पाण्याची घनता मोजून वजन काढायचं. तीन टक्के इकडे-तिकडे चालेल, त्यापुढे टनामागे दंड. वारा असो-नसो, पाणी खोटं बोलत नाही. व्हॉल्व्हवाल्या माणसाला हे लगेच पटलं. तेही माल वजनावरच विकतात.

लेकीनं मसुदा पाठवला. वेगाच्या प्रश्नाला उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, दोन पानी, रंगीत. वजनाच्या कलमाला तीन आठवडे लागले. उत्तर एका ओळीचं होतं: अण्णांच्या ऑर्डरप्रमाणे बांधलेल्या बोटीचं हलकं वजन ४३.५ टन धरावं. माझ्या वहीत बॅटऱ्या-जनरेटर-एसीचे २.५ आणि दगड-सागवानाचे २.९ मिळून ५.४ होते. ३८ मध्ये मिळवून बघा.

अण्णांनी हिस्सा घेतला. ऑर्डरमधून काहीही काढलं नाही, ओटासुद्धा नाही. फक्त शुक्रवारचा बेत बदलला: रात्री बोटीवर झोपायचं, शनिवारी उशिरा नाश्ता करून खाऱ्या वाऱ्यावर मुरुड-जंजिऱ्याकडे. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला.

“साहेब, निघायच्या आधी टबातलं पाणी सोडून दिलं तर?”

“सातशे किलो कमी.”

“म्हणजे किती सेंटिमीटर?”

“एक.”

पलीकडे पेन शोधल्याचा आवाज आला.